मीटरवर फडकं टाकणारा नामामिस्त्री

फाट्यावर नामामिस्त्रीचा बॅनर लागला तेव्हा मी स्कूटर थांबवून तो दोनदा वाचला, आणि दोन्ही वेळा माझं डोकं फिरलं. फोटोत त्याच्या अंगावर निळा कोट होता. उभ्या आयुष्यात या माणसाने कोट घातला नव्हता. कुणीतरी कॉम्प्युटरवर चढवला होता. खाली छापलं होतं, 'मनमिळाऊ, हसतमुख, सर्वांचे लाडके नामामिस्त्री यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली शोकाकुल मंडळींच्या फोटोंच्या दोन रांगा. पहिल्या रांगेत, जुन्या गाड्या विकणारा विकीशेठ, हात जोडून आणि गॉगल लावून. दुसऱ्याच्या मरणातसुद्धा यांच्याने गॉगल काढवत नाही.

मनमिळाऊ म्हणे! मिस्त्री कुणावर खेकसला नाही असा एक दिवस मला आठवत नाही, आणि पंधरा वर्षं आमचे धंदे भिंतीला भिंत लावून होते. मी मूळची म्हसळ्याची. लग्न होऊन उरणला आले आणि सासऱ्यांच्या जागेत, फाट्याजवळ, गाड्यांचा धूर तपासून पीयूसीचे दाखले द्यायची टपरी टाकली. शेजारी मिस्त्रीचं गॅरेज. पत्र्याची शेड, मधोमध गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा, आणि एक प्लास्टिकची खुर्ची, जिच्यावर तो स्वतः कधी बसायचा नाही आणि गिऱ्हाइकाला बसू द्यायचा नाही. बाप मिठागरावर राबलेला. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. सख्खं म्हणावं असं माणूस एकच, धाकटी बहीण सुमनबाय, पलीकडच्या गावात दिलेली. आणि तिचा एकुलता एक मुलगा केतन, ज्याच्यावर मिस्त्री खेकसायचासुद्धा प्रेमाने.

इंजिन उघडणारे मिस्त्री आमच्याकडे ढिगाने आहेत. याच्याकडे लोक यायचे ते जुनी गाडी खरी किती किलोमीटर चालली आहे, हे विचारायला. आमच्या भागातल्या जमिनी गेल्या, मिठागरं गेली, बंदर आलं आणि पोरांच्या हाती ट्रेलर आले. ट्रेलरनंतर गळ्यात साखळी आणि साखळीनंतर स्पोर्ट्स कार. मुंबईच्या बड्या लोकांनी हौस फिटल्यावर काढून टाकलेल्या, दोन दारांच्या, जमिनीला पोट टेकलेल्या गाड्या. आमच्या रस्त्यांना कंटेनरच्या ट्रेलरनी असे खड्डे पाडलेत की या गाड्या तिथून बैलगाडीच्या चालीने काढाव्या लागतात. पण हळदीच्या मांडवापुढे घुरघुरत उभी करायला हीच हवी. घेताना पोरं बघणार काय? रंग, नंबरप्लेट आणि मीटर. मीटर पंधरा हजार दाखवतंय म्हटलं की गडी खूश. आणि ते मीटर विकीशेठच्या माणसाने लॅपटॉप लावून, हातातला चहा गार व्हायच्या आत, सत्तर हजारांवरून मागे आणलेलं असायचं.

मिस्त्रीची पद्धत ठरलेली. गाडी आली की आधी खांद्यावरचं तेलकट फडकं मीटरवर टाकायचं. मालक कळवळायचा, 'अहो मिस्त्री, डाग पडेल.' मिस्त्री म्हणायचा, "मीटर मना नको दाखवू. मना गारीचे पाय दाखव." पाय म्हणजे ब्रेक आणि क्लचची पायटी. त्यांच्या रबरावरच्या रेघा तो अंगठ्याने चाचपायचा. मग सीटची दाराकडची कड. बसक्या गाडीत माणूस उतरताना त्या कडेवरून ढुंगण घासतच उतरतो. तिथलं चामडं पंधरा हजारांत सुरकुतत नाही. मग पट्टा ओढून सोडायचा आणि तो किती आळसाने परत जातो ते बघायचा. दार अर्धं उघडून वर उचलून बघायचा. समोरच्या काचेवर गाल टेकवून उन्हात तिरकं बघायचा, तिथे वाळूने पाडलेले बारीक टोचे मोजल्यासारखे. टायरच्या कडेला कोरलेला आठवडा आणि वर्ष वाचायचा. हे सगळं झालं की आकडा बोलायचा, आणि मगच फडकं उचलायचा.

एकदा पनवेलकडचा एक तरुण डॉक्टर लाल गाडी घेऊन आला. मीटर चौदा हजार. मिस्त्री म्हणाला, "ब्याऐंशी." डॉक्टर हसला. विकीशेठने त्याला कंपनीच्या सर्व्हिसचं पुस्तकसुद्धा दिलं होतं, शिक्क्यांसकट.

"पुस्तक कोन चालवतंय? गारी चालवतंय ना?" मिस्त्री ओरडला. "उतर खाली. टायरवरचा साल बग. गारीच्या जन्माच्या चार वर्सांनी झालेला टायर हाय. चौदा हजारात चार टायर कोन खातंय? तू खातंस?"

डॉक्टरने दुसरीकडे जाऊन गाडीच्या कॉम्प्युटरमधून आकडा काढला आणि फोनवर कळवला. गिअरबॉक्सच्या पोटात जो लिहिलेला असतो, तो मागे घ्यायला विकीचा माणूस विसरला होता. एक्क्याऐंशी हजार आणि वर काही. डॉक्टरने येऊन पाया पडायला हवं होतं. तो पुढे मिस्त्रीला भेटलाच नाही, कारण व्यवहार आधीच झाला होता आणि गावभर पेढे वाटून झाले होते. आमच्याकडे फसवणाऱ्यापेक्षा फसलास असं सांगणाऱ्याचा राग जास्त येतो. हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं आणि नंतर पुष्कळदा.

माझ्यावरही तो असाच उखडला होता. नणंदेच्या दिराचा एक टेम्पो होता, काळा धूर ओकणारा. मी नळी आत न घालताच दाखला छापला. घरचं काम, कोण बघतंय? मिस्त्रीने बघितलं. तो टेम्पोवाल्याच्या हातून कागद काढून माझ्या टपरीत आला आणि माझ्यासमोर त्याचे चार तुकडे केले.

"वयनी, कागदावर लिवलंस ना? मंग ता तू बोल्लीस. खोटा बोलाचा हाय तं तोंडानं बोल. कागद कशाला नासतंस?"

गिऱ्हाइकं उभी होती. मला इतका अपमान वाटला की मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही. तो रोज सकाळी यायचा, माझ्या टपरीपुढचा कचरा आपल्या कचऱ्याबरोबर लोटायचा आणि कामाला लागायचा. टेम्पोला मात्र मी नंतर दाखला दिला नाही. नणंद अजून टोमणे मारते.

तर केतनचं लग्न ठरलं. पोरगा सव्वीस वर्षांचा, कंटेनर यार्डात सुपरवायझर, स्वभावाने गरीब पण गाडीचं वेड डोक्यात. हळदीला त्याला पिवळी स्पोर्ट्स कार हवी होती. पैसे बाप देणार होता. मिस्त्री म्हणाला, गाडी बघून देणं हा माझा आहेर. आमच्याकडे हळदीत मामाचा आहेर सगळ्यांच्या आधी असतो. मामा कपडे घेऊन आल्याशिवाय पुढचं काही हलत नाही.

एकामागून एक सहा गाड्या त्याने हाकलल्या. सहाही खोट्या. सातवी विकीशेठ घेऊन आला. अलिबागकडच्या समुद्राकाठच्या कुणा शेठच्या बंगल्यातली, अकरा वर्षं जुनी, मीटर नऊ हजार. मी चहा घेऊन गेले तेव्हा मिस्त्री आत बसला होता. पायटीच्या रबरावर हात फिरवत होता आणि त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. रबराच्या रेघा धारदार. सीटची कड ताठ. काच स्वच्छ. टायर कारखान्यातून आलेले तेच. त्याने दोन तास लावले, लॅपटॉपवाला वेगळा बोलावला, आणि फडकं उचललं तेव्हा तो चक्क हसला.

"वयनी, खरा हाय! तीस वर्सात पयला मीटर खरा बोलतंय."

गाडी खड्ड्यावर घ्यायची तेवढी राहिली. ती इतकी बसकी की खड्ड्याच्या कठड्याला नाक घासत होतं. केतन म्हणाला, "मामा, रंग जाईल, नको ना." जॅक लावून उचलता आली असती. एरवी त्याने केतनला दोन शिव्या घालून उचललीच असती. त्या दिवशी तो खुशीत होता. टायर तेवढे नवे टाकून घे, म्हणाला, आणि गाडीला नारळ फुटला.

अकरा वर्षांत नऊ हजार म्हणजे अकरा वर्षं गाडी उभी. समुद्राकाठी, खाऱ्या हवेत, ओल्या शेडमध्ये. वरून कोरी करकरीत, आणि खाली ब्रेकचे पाइप क्लिपांच्या आत गंजून पापडासारखे झालेले. बाराव्या दिवशी केतनने बंदराच्या रस्त्याला पुढच्या ट्रेलरला बघून जोरात ब्रेक दाबला आणि पाइप फुटला. निम्मा ब्रेक गेला. निम्म्यात गाडी थांबली नाही, ट्रेलरच्या मागच्या बाजूखाली नाक घुसलं. पोरगा वाचला. उजवा गुडघा गेला. आत सळ्या घातल्या, लग्न सहा महिने पुढे गेलं, आणि पाय पुन्हा वाकणार नाही असं सांगितलं गेलं.

मिस्त्रीने ती मोडकी गाडी ओढून आणून जॅकवर उचलली, खाली सरपटत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा हातात पाइपचा तुकडा होता.

"आमचे घरात लोखंडाची फावरी टिकत नव्हती मिठानं," तो म्हणाला. "बापाला फावरा दर साली नवा लागं. मी मिठागरावर ल्हानाचा मोटा झालू, आनि मीच इसरलू. खोटा मीटर शोदत बसलू, गंज बगाचा इसरलू."

चौथ्या दिवशी सुमनबाय आली, केतनचे वडील आणि गावातली तीन माणसं घेऊन. विकीशेठवर केस करायची होती. वकिलाने सांगितलं होतं की मीटर मागे घेतलं हे सिद्ध झालं तर विकीची खैर नाही, केतनला भरपाईही मिळेल. सिद्ध करायला तालुक्यात एकाच माणसाची सही पुरली असती.

"दादा, कागदावर दोन ओली लिव," सुमनबाय म्हणाली. "मीटर फिरवलाय, यवराच."

"फिरवलेला न्हाय."

"माज्या पोराचा पाय गेलाय, दादा."

"ठाव हाय. तो मी घालवला. तसा लिवून देतंव. मामानं खाली बगितला न्हाय, पाइप गंजले व्हते, असा लिवतंव. माज्यावर केस कर. पन मीटर खरा हाय."

मग मी बोलले. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी बोलले. म्हटलं, "मिस्त्री, विकी हलकट आहे. पन्नास मीटरं त्याने फिरवलीत, तुम्हीच पकडलीत. एक जास्तीचं लावलं त्याच्या नावावर तर काय बिघडणार आहे? पोराचं भलं होईल."

तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"वयनी, पन्नास येला मीटर खोटा व्हता, मी त्याला खोटा बोल्लू. आता खरा हाय, नि खोटा लिवला, तं त्या पन्नासांना कोन इचारील?"

मला त्याचा संताप आला. खरं सांगते, त्या क्षणी मला विकीशेठपेक्षा तो जास्त दुष्ट वाटला. समोर बहीण रडते आहे, भाचा खाटेवर आहे, आणि हा माणूस मीटरची बाजू घेतो आहे! सुमनबायने डोळे पुसले, पदर खोचला आणि जाताना एवढंच म्हणाली, "आजपासून मना भाऊ न्हाय."

गावात दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं की मिस्त्रीने विकीकडून पैसे खाल्ले. विकीशेठ पेढ्यांचा बॉक्स घेऊन गॅरेजवर आला. "मिस्त्री, तुमी माझी इज्जत राखलीत." मिस्त्रीने त्याला मानेला धरून वाकवलं, त्या पिवळ्या गाडीखाली अर्धा सरकवला आणि गंजलेल्या पाइपसमोर त्याचं तोंड धरलं. विकी बोंबलत होता. पेढे गटारात गेले. पण त्याने विकीचं काय झालं? काही नाही. महिनाभराने त्याच्या दुकानावर पाटी लागली, 'नामामिस्त्रीने खरी ठरवलेली मीटरं'. मिस्त्रीने दगड मारून ती फोडली, तर पोलीस मिस्त्रीला घेऊन गेले. संध्याकाळी मी जाऊन सोडवून आणलं. गिऱ्हाइकं तुटली. ज्यांची गाडी खोटी निघाली होती ते आता उजळ माथ्याने सांगू लागले की हा माणूसच विकाऊ होता.

केतनची हळद झाली, ती मिस्त्री गेला त्याच्या तीन आठवडे आधी. मला आमंत्रण होतं. मिस्त्रीला नव्हतं. मामाचा मान सुमनबायच्या एका मावसभावाला दिला होता. माझी स्कूटर मांडवाशी पोचली तेव्हा दिवस मावळत होता, डीजे दणदणत होता, आणि गेटाबाहेर शेतात गाड्यांची ही गर्दी. गेटाशी मिस्त्री उभा होता. पांढरा सदरा, इस्त्रीची पँट, दाढी केलेली, हातात कपड्यांच्या दुकानाची पिशवी. आत जायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. कुणी या म्हटलं नव्हतं, म्हणून तो उभा होता.

तेवढ्यात एक मोठी गाडी आली. पाहुणा घाईत उतरला, पांढऱ्या कपड्यांतला माणूस गेटाशी बघून त्याला वाटलं हा गाड्या लावणारा. त्याने चावी मिस्त्रीच्या हातात दिली आणि मांडवाकडे वळला. मिस्त्री चावीकडे बघत राहिला. सुमनबाय त्याच पाहुण्याला घ्यायला गेटापर्यंत आली होती. दोघा बहीणभावांची नजरानजर झाली. मला वाटलं आता ती धावत येईल. तिने पाहुण्याला गंध लावला आणि ती त्याला घेऊन आत वळली.

मिस्त्रीने पिशवी गेटाच्या खांबाला टेकवून ठेवली आणि गाडी नेऊन लावली. तो परत येईपर्यंत मागे दोन गाड्या हॉर्न देत होत्या. त्यांच्याही चाव्या त्याने घेतल्या.

मी काय केलं? जायला हवं होतं. त्याचा हात धरून मांडवात न्यायला हवं होतं, चार माणसांत ओरडायला हवं होतं की हा नवरदेवाचा मामा आहे. पंधरा वर्षांत तो माझ्यापुढे हजारदा ओरडला, मला एकदा ओरडता आलं नाही. उरणात राहायचं आहे, धंदा आहे, नणंद आहे. मी आत गेले, केतनच्या गालाला हळद लावली आणि पंगतीला बसले. तांदळाच्या भाकऱ्या, मटण, सगळं होतं. मी जेवले.

बाहेर आले तेव्हा सगळ्या गाड्या शेतात एका रेषेत लागलेल्या होत्या आणि मिस्त्रीचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मी स्कूटरकडे खाली मान घालून निघाले होते. त्याने हाक मारली.

"वयनी, जेवलीस?"

"जेवले."

"मटन बरा झालाय?"

मी म्हटलं, "चांगलं झालंय."

"आमचे आयचा मसाला हाय तो. सुमन तसाच कुटते," तो म्हणाला, आणि मागे येऊन थांबलेल्या गाडीची चावी घ्यायला गेला.